केमिकल इंजिनिअरच्या पदवीत बायॉलॉजी आली कुठून?

अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत आता नुसते ‘केमिकल इंजिनिअरिंग’ उरलेले नाही. विभागाच्या दारावर ‘केमिकल अँड बायोमॉलेक्युलर इंजिनिअरिंग’ अशी पाटी असते; बायोमॉलेक्युलर म्हणजे प्रथिनांसारख्या सजीवांतल्या रेणूंचे. आपल्याकडून तिथे पदवीला जाणाऱ्या मुलांच्या हाती चार वर्षांच्या सक्तीच्या विषयांची यादी पडते, तेव्हा बहुतेकांचे डोळे एकाच ओळीवर थबकतात. बारावीला मॅथ्स घेऊन जी बायॉलॉजी मागे टाकली, ती इथे बायोकेमिस्ट्री होऊन पुढ्यात उभी! काहींना वाटते की नाव खपावे म्हणून ही भर घातली असावी. तसे नाही. या यादीतला जवळजवळ प्रत्येक विषय कुठल्यातरी कारखान्याची वेळ भागवण्यासाठी आत आलेला आहे, आणि ते कळले की यादी वेगळीच दिसू लागते.

सुरुवात मँचेस्टरची. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मिठापासून सोडा बनवणारे कारखाने हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सरळ चिमणीतून सोडून देत. आसपासची झाडे जळत, पिके करपत. म्हणून १८६३ मध्ये अल्कली कायदा झाला आणि कारखाने तपासायला निरीक्षक नेमले गेले. जॉर्ज डेव्हिस हा असाच एक निरीक्षक. त्या काळी प्रत्येक कारखानदार आपली कृती जिवापाड जपायचा, पण निरीक्षकाला सगळीकडे शिरकाव असे. इतके कारखाने आतून पाहिल्यावर डेव्हिसच्या लक्षात आले की माल कोणताही असो, त्यामागची कामे तीच तीच आहेत: तापवणे, आटवणे, गाळणे, वाळवणे, विरघळवणे. १८८७ मध्ये मँचेस्टरच्या टेक्निकल स्कूलमध्ये त्याने यावर बारा व्याख्याने दिली. या शास्त्राचा पहिला मास्तर प्रदूषण तपासणारा माणूस होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, बॉस्टनच्या एमआयटीत लुइस नॉर्टन यांनी ‘कोर्स टेन’ सुरू केला आणि १८९१ मध्ये सात जण त्यातून पदवीधर झाले. त्या अभ्यासक्रमात औद्योगिक रसायनशास्त्र होते आणि शेजारी मेकॅनिकल इंजिनिअरिंग. दोन्ही चांगले, पण दोघांमध्ये सांधा नव्हता. तो सांधा १९१५ मध्ये रसायनतज्ज्ञ आर्थर लिटल यांनी एमआयटीला दिलेल्या अहवालात सापडला. डेव्हिसच्या निरीक्षणाला त्यांनी नाव दिले: युनिट ऑपरेशन्स. आजही आपल्याकडचा सेकंड इयरचा विद्यार्थी हे दोन शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारतो.

याचा अर्थ उसाच्या रसावरून चटकन कळतो. गुऱ्हाळात काहील उघडी असते. खाली चिपाडांचा जाळ, वर रस उकळतोय आणि वाफ आभाळात चाललीय. त्या वाफेत सरपणाची बरीच उष्णता निघून जाते. साखर कारखान्यात चार-पाच बंद भांडी ओळीने उभी असतात. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्या भांड्यातला रस तापवते, दुसऱ्याची तिसऱ्यातला. पुढच्या भांड्यात दाब कमी ठेवलेला असतो, त्यामुळे तिथला रस कमी तापमानाला उकळतो आणि तीच उष्णता पुन:पुन्हा कामी येते. ही युक्ती न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर्ट रिल्यू यांनी १८४० च्या दशकात पेटंट केली होती. लिटल यांचे म्हणणे असे, की हे इव्हॅपरेशन एकदा नीट शिकलात की रस काय, दूध काय, कॉस्टिक सोडा काय, गणित तेच. साखर वेगळी आणि सोडा वेगळा शिकवत बसायची गरज उरली नाही. ‘मास बॅलन्स, हीट बॅलन्स’ (आत गेलेला माल आणि उष्णता बाहेर आलेल्याशी जुळवण्याचा हिशेब) हा पहिला सक्तीचा पेपर आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाची युनिट ऑपरेशन्सची लॅब, दोन्ही या विचाराची लेकरे आहेत.

ही यादी सगळीकडे एकसारखी व्हावी याचा रेटा व्यावसायिक संस्थेकडून आला. १९०८ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल इंजिनिअर्सने १९२५ मध्ये आपल्या मान्यतेची पहिली यादी काढली, तीत चौदा संस्था होत्या. पुढे हे काम आज ज्या संस्थेला अ‍ॅबेट म्हणतात तिच्याकडे, म्हणजे इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेकडे गेले. सध्याचा तिचा हिशेब असा: गणित आणि मूलभूत विज्ञानाचे किमान ३० क्रेडिट, अभियांत्रिकीचे किमान ४५, आणि शेवटी डिझाइनचा मोठा प्रकल्प. १९६० मध्ये विस्कॉन्सिनच्या तीन प्राध्यापकांचे ‘ट्रान्सपोर्ट फिनॉमिना’ हे, द्रव, उष्णता आणि पदार्थ कसे वाहतात ते गणितात मांडणारे पुस्तक आले आणि डिफरन्शिअल इक्वेशन्सशिवाय पुढे सरकणे अशक्य झाले.

आपल्याकडे जादवपूरला हिरालाल रॉय यांनी १९२१ मध्ये हा विषय सुरू केला. मुंबई विद्यापीठाचा केमिकल टेक्नॉलॉजी विभाग, म्हणजे आपले यूडीसीटी, १९३३ चे. तिथे तेव्हा आधी बी.एस्सी. व्हायचे आणि मग दोन वर्षे बी.एस्सी. (टेक.) करायचे, म्हणजे पहिल्यांदा रसायनशास्त्र मुरवून मग इंजिनिअर. शेजारी कापडगिरण्या होत्या, त्यामुळे टेक्स्टाइल केमिस्ट्री सुरुवातीपासून होती. गरज दाराशीच होती.

आता बायॉलॉजी. ती २००० साली अवतरली असे समजणाऱ्यांनी पेनिसिलिनकडे पाहावे. दुसऱ्या महायुद्धात हे औषध प्रयोगशाळेत बाटल्यांमध्ये बुरशी वाढवून काढत, आणि ते पुरे पडत नव्हते. बुरशी मोठ्या टाकीत वाढवायची म्हटली की इंजिनिअरची कामे समोर येतात. खोलवर हवा पोचली पाहिजे, नाहीतर बुरशी गुदमरते. ती वाढताना उष्णता सोडते, ती काढून घ्यावी लागते. आणि बाहेरचा एक जंतू शिरला तर अख्खी टाकी वाया. १ मार्च १९४४ रोजी फायझरने ब्रुकलिनमध्ये बर्फाच्या एका जुन्या कारखान्यात १४ टाक्या सुरू केल्या, एकेक ७,५०० गॅलनची. अशा पेनिसिलिन प्लँटच्या डिझाइनमध्ये मार्गारेट हचिन्सन रूसो यांचा मोठा वाटा होता. अमेरिकेत केमिकल इंजिनिअरिंगची डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला, एमआयटीच्या. दहाच वर्षांनी, १९५४ मध्ये, पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. तिथल्या इंजिनिअरांपुढेही हवा, उष्णता आणि निर्जंतुकीकरण हेच प्रश्न होते. म्हणजे पिंपरी-चिंचवडला ही ‘बायो’ बाजू पदवीच्या नावात येण्याच्या कितीतरी आधी येऊन बसली होती.

मग नाव बदलायला २००० नंतरचे दशक का उजाडले? कारण इन्शुलिन. पूर्वी ते डुकरांच्या आणि गायींच्या स्वादुपिंडातून काढत. १९७८ मध्ये जेनेन्टेक या अमेरिकी कंपनीने मानवी इन्शुलिन जीवाणूकडून बनवून घेतले आणि १९८२ मध्ये ते बाजारात यायला मंजुरी मिळाली. इथे जुने शिक्षण अपुरे पडले. पेट्रोलियमच्या घटकांना वेगळे करायला डिस्टिलेशन आहे, तापवा आणि वेगळे करा. प्रथिन तापवले तर काय होते ते अंडे उकडणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. म्हणून क्रोमॅटोग्राफी (मिश्रण एका भरलेल्या नळीतून सोडून त्यातले रेणू वेगळे करणे), पातळ पडद्यांतून गाळणे, तापमान आणि आम्लता जपणे हे सगळे शिकावे लागले. रेणूचा आकार आणि घडी समजल्याशिवाय त्याला वेगळे कसे करणार? जॉर्जिया टेक, कॉर्नेल, जॉन्स हॉपकिन्स, इलिनॉय यांनी नावे बदलली. बर्कलीने २०१० मध्ये. जॉर्जिया टेकमध्ये तर नेहमीचा मार्ग आणि बायोटेक्नॉलॉजीचा मार्ग असे दोन पर्याय आहेत.

सगळ्यांत उशिरा आत आलेली गोष्ट मात्र सुरक्षितता, आणि याची मला खंत आहे. भोपाळनंतर, १९८५ मध्ये, अमेरिकन इन्स्टिट्यूटने प्रोसेस सेफ्टीचे, म्हणजे कारखान्यातल्या प्रक्रियांच्या सुरक्षिततेचे, केंद्र काढले, तरी पदवीच्या निकषात धोक्यांचा स्पष्ट उल्लेख नव्हता. १९ डिसेंबर २००७ रोजी फ्लॉरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये टी-टू लॅबोरेटरीज हा छोटा कारखाना उडाला. पेट्रोलमध्ये घालायच्या रसायनाचा तो १७५ वा बॅच होता. रिअ‍ॅक्टरचे कूलिंग बंद पडले. मालकांपैकी एक स्वतः केमिकल इंजिनिअर. आग लागेल असे त्याला वाटले. त्याने लोकांना दूर जायला सांगितले आणि स्वतः कंट्रोल रूमकडे परत फिरला. चार जण गेले, त्यांत तोही. ३२ जखमी झाले. ठराविक तापमानाच्या वर गेले की सोडियम आणि द्रावक यांच्यात दुसरी, जास्त भयंकर अभिक्रिया पेटते, याचा अंदाज तिथे कुणाला नव्हता. रासायनिक अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने २००९ च्या अहवालात थेट अभ्यासक्रमावर बोट ठेवले. २००६ च्या एका पाहणीनुसार अमेरिकेतल्या फक्त ११ टक्के विभागांत प्रोसेस सेफ्टी सक्तीची होती. त्यानंतर अ‍ॅबेटच्या निकषात भर पडली: रासायनिक, भौतिक आणि जैविक प्रक्रियांचे डिझाइन आणि नियंत्रण, ‘त्यांतल्या धोक्यांसह’. आता रिअ‍ॅक्शन इंजिनिअरिंगच्या पाठ्यपुस्तकात टी-टूचा रिअ‍ॅक्टर गणित म्हणून येतो. कूलिंग थांबले तर किती मिनिटांत तापमान कुठे पोचेल, ते विद्यार्थ्याने काढायचे असते.