ग्रामशिल्प उभारणी (विदर्भ)

गावातील जुन्या वस्तीच्या बगीच्यात, गढीच्या पायथ्याशी किंवा आखरावर (गुरे एकत्र जमण्याच्या गावाकडेच्या मोकळ्या जागेवर) ग्रामस्थांनी विषय ठरवून शिल्पकाराकडून करवून घेतलेले कायमस्वरूपी शिल्प आणि ते उभारण्याची पद्धत. व्यक्तिपुतळा, हुतात्मा स्तंभ, बैलजोडी, दंडारीतील (विदर्भातील लोकनृत्यातील) नर्तक असे विषय आढळतात.

पूर्वपरंपरा : नागपूरजवळील जुनापाणी व माहूरझरी येथील शिलावर्तुळे (दफनांभोवती रचलेली दगडांची वर्तुळे) लोहयुगीन असून त्यांचा काळ स्थूलमानाने इ.स.पू. पहिले सहस्रक मानतात. भामरागड परिसरातील माडिया समाजात मृतांच्या स्मरणार्थ शिळा उभारण्याची चाल अलीकडेपर्यंत टिकून आहे. त्यावरून आजच्या ग्रामशिल्पाचे मूळ शिलावर्तुळांपर्यंत नेले जाते. पण मधल्या प्रदीर्घ काळाचा सलग पुरावा नाही. ब्रिटिश काळात शहरांत रुजलेल्या स्मारकपुतळ्यांचा आणि 1942 च्या चिमूर-आष्टी लढ्यानंतरच्या हुतात्मा स्मारकांचा प्रभाव अधिक निकटचा मानणे योग्य.

करवून घेतलेले काम अपुरे राहिल्याचे ठळक उदाहरण म्हणजे चंद्रपूरच्या लालपेठेतील एकाश्म, म्हणजे एकाच दगडातून घडवलेल्या, मूर्ती. दशमुखी दुर्गेसह अनेक प्रचंड मूर्ती तेथे उघड्यावर पडून आहेत. रायप्पा नावाच्या धनिक वैश्याने मंदिरासाठी त्या घडवायला घेतल्या आणि त्याच्या मृत्यूमुळे काम थांबले, अशी परंपरा आहे. निश्चित शतक सांगण्यापेक्षा त्या गोंड राजवटीतल्या, म्हणजे 1751 पूर्वीच्या, म्हणणे सुरक्षित.

ठराव व परवानगी : ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल ती. ठरावात जागेचा गट क्रमांक, उंची, माध्यम आणि देखभाल कोणाकडे, हे चारही मुद्दे लागतात. चौथा बहुधा गळतो. राष्ट्रपुरुष व थोर व्यक्तींच्या पुतळ्यांसाठी राज्य शासनाच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना लागू असून मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. सार्वजनिक रस्ते व पदपथांवर पुतळ्यांना परवानगी देण्यास सर्वोच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2013 रोजी मनाई केली. केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध, त्यापुढील 200 मीटरपर्यंत नियंत्रित असते. जुन्या पेठेत हे अंतर आधी मोजावे.

नमुना : एकास सहा प्रमाणातला नमुना बाजाराच्या दिवशी चावडीवर ठेवला की आक्षेप लवकर बाहेर येतात. चेहरा, पागोटे, बैलाची वशिंड यांवरचे वाद पूर्णाकृती मातीकामातच मिटवावेत. साचा निघाल्यावर बदल महाग पडतो. एप्रिल-मे महिन्यांत माती झपाट्याने सुकून तडकते. ओल्या गोणपाटावर प्लॅस्टिक गुंडाळूनही काम टिकेलच असे नाही, म्हणून मातीकाम हिवाळ्यात उरकणे श्रेयस्कर. मोबदल्याचे हप्ते माती, साचा, ओतकाम व उभारणी या टप्प्यांना बांधून शेवटचा हप्ता एक पावसाळा गेल्यावर द्यावा.

पाया : अपयशाचे मुख्य कारण मूर्तीत नसून जमिनीत असते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. उथळ चौथरा दरवर्षी उचलला-खचला जातो व एका बाजूला कलतो. मुरूम हाताशी असेल तर काळी माती पूर्ण काढून पाया मुरमावर टेकवावा आणि भरावही मुरमाचाच करावा. मातीचा थर खोल असल्यास तळाशी फुगीर असलेल्या काँक्रीट खुंट्या वापरतात : खोली सुमारे 3.5 मीटर, दांड्याचा व्यास 25 ते 30 सेंमी., फुगीर भाग त्याच्या अडीचपट. खुंट्यांना वरून जोडणारी तुळई जमिनीपासून सुमारे 8 सेंमी. मोकळी ठेवावी, म्हणजे फुगणारी माती तिला उचलत नाही. बगीच्यातले पाणी हा वेगळाच शत्रू. हिरवळीला एकाच बाजूने पाणी दिले तर तेवढीच बाजू फुगते. म्हणून चौथऱ्याभोवती दीड-दोन मीटर रुंद, बाहेर उतार असलेली फरशी हवी. वाऱ्याचा जोर मोजताना नागपूरकडे त्याचा मूलभूत वेग 44 मीटर प्रतिसेकंद धरतात. वर चढणारी मुले व माकडेही आराखड्यात धरलेली बरी.

माध्यम : कांशाच्या पुतळ्यासाठी तांबे 85 टक्के आणि कथील, जस्त, शिसे प्रत्येकी 5 टक्के ही मिश्रधातू रूढ आहे. 6 मिमी. जाडीच्या ओतकामाचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 53 किलो भरते. सहा फुटी आकृतीचे पृष्ठफळ अडीच चौरस मीटर धरल्यास धातू 130 किलोच्या आसपास लागतो. तीच आकृती नऊ फुटी केली, तर सुमारे 300 किलो. उंची दीडपट होताना खर्च दीडपटच वाढेल, हा समज येथेच फसतो. आतला सांगाडा व बोल्ट साध्या लोखंडाचे असल्यास ओल धरून गंजतात. स्टेनलेस पोलाद आणि तळाशी पाणी निघण्याची छिद्रे ठेवावीत. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील पुतळा अनावरणानंतर नऊ महिन्यांच्या आत, 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला, तेव्हा गंजलेले नट-बोल्ट चर्चेत आले होते. फायबर स्वस्त व हलके, पण विदर्भातल्या उन्हात रंग पांढुरका पडून काचतंतू उघडे पडतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा वालुकाश्म घडवायला सोपा; त्याचे नैसर्गिक थर आडवे राहतील असाच दगड बसवावा, उभे ठेवल्यास पापुद्रे सुटतात.

देखभाल : कांशाला वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, धुऊन मेण लावतात. पोळ्याला बैलशिल्पास गेरू व तेल लागते, जयंतीला पायाशी नारळ फुटतात. मनाई चालत नाही. समोर नारळासाठी वेगळा दगड बसवणे हाच व्यवहार्य उपाय.