मानेतली वाट चुकलेली रोहिणी आणि आवाजाची नस

हृदयातून निघालेली महारोहिणी, म्हणजे शरीराला रक्त पुरवणारी मुख्य रक्तवाहिनी, छातीत कमानीसारखी वळते आणि तिथून तीन मोठ्या फांद्या फुटतात. पहिली फांदी उजवीकडची. ती थोडं वर जाऊन दुभंगते: एक रोहिणी मान आणि डोक्याकडे, दुसरी उजव्या हाताकडे. उरलेल्या दोन डाव्या बाजूच्या. पुस्तकातलं हे चित्र बहुतेकांना लागू पडतं, पण सगळ्यांना नाही. शंभरात साधारण एखाद्या माणसात उजव्या हाताची रोहिणी कमानीच्या डाव्या टोकाकडून, अगदी शेवटी निघते आणि बहुधा अन्ननलिकेच्या मागून आडवी होऊन उजवीकडे पोचते.

हे जन्माच्या कितीतरी आधी, गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांत ठरतं. तेव्हा गर्भात रोहिण्यांच्या कमानींच्या जोड्या तयार होतात. काही टिकतात, काही विरतात. उजवीकडची चौथी कमान टिकायची ती विरली, तर एरवी नाहीसा होणारा मागचा मार्ग हाताला रक्त पुरवू लागतो.

बहुतेकांना याचा आयुष्यभर काही त्रास होत नाही. काहींच्या अन्ननलिकेवर मात्र दाब येऊन घास अडकतो. इंग्लंडमधल्या डेव्हिड बेफर्ड यांनी १८व्या शतकातच गिळण्याच्या त्रासाचं हे कारण शवविच्छेदनातून दाखवलं होतं.

मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती स्वरयंत्राची नस, म्हणजे आवाज चालवणारा मज्जातंतू. उजवीकडे ही नस एरवी हाताच्या रोहिणीखालून वळसा घालून परत वर येते. गर्भाची मान लांबते, हृदय खाली सरकतं आणि रोहिणी नसेला सोबत खाली ओढते. रोहिणी तिथे नसेल, तर ओढणारं कोणीच नाही. नस मानेतूनच थेट स्वरयंत्राकडे आडवी वळते. मानेतल्या थायरॉइड ग्रंथीच्या शस्त्रक्रियेत सर्जन तिला नेहमीच्या जागी शोधतात. ती तिथे सापडत नाही आणि आडवा जाणारा तंतू रक्तवाहिनी समजून कापला गेला, तर आवाज घोगरा होतो, कधी कायमचा.

शस्त्रक्रियेआधीच्या सोनोग्राफीत उजवी फांदी दुभंगताना दिसते का, हे पाहता येतं. न दिसल्यास सर्जन सावध होतात. दुसऱ्या कारणासाठी काढलेल्या छातीच्या सीटी स्कॅनमध्येही ही रोहिणी अवचित दिसते. तशी नोंद तुमच्या जुन्या रिपोर्टमध्ये असेल, तर थायरॉइडच्या ऑपरेशनआधी तो रिपोर्ट सर्जनना जरूर दाखवा.