पडवीपासून कुरणशाळेपर्यंत

चिकित्सक शिक्षणशास्त्राचा, म्हणजे अक्षरासोबत ‘आपली परिस्थिती अशी का’ हे विचारायला शिकवण्याचा, विषय निघाला की पहिलं नाव येतं ब्राझीलच्या पाउलो फ्रेरी यांचं. १९६३ मध्ये आंजिकोस गावात त्यांनी सुमारे ३०० मजुरांना ४० तासांत लिहावाचायला शिकवण्याचा प्रयोग केला. धड्यातले शब्द मजुरांच्याच बोलण्यातून घेतलेले होते. तेव्हा ब्राझीलमध्ये निरक्षरांना मताचा अधिकार नव्हता, म्हणजे अक्षर आलं की मतही आलं. पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता हाती घेतली. फ्रेरी आधी तुरुंगात आणि नंतर परदेशात गेले. नुसती बाराखडी शिकवली असती तर ही वेळ आली नसती.

कोकणात शिक्षण आणि हक्कांच्या या वादाला तोंड फुटलं ते त्याआधी सत्तरेक वर्षं, दापोलीत. लष्करी कॅम्पाचं गाव असल्याने पलटणीतून निवृत्त झालेले महार पेन्शनर इथे घरं करून राहिले होते. पलटणीत शिक्षणाची चव चाखलेली ही माणसं. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर त्यांच्यातलेच. १८८६ मध्ये निवृत्त झाल्यावर ते दापोलीत आले आणि पुढे अनार्य दोष परिहारक मंडळी ही अस्पृश्यांच्या हक्कांसाठीची संस्था उभी राहिली. पेन्शनरांनी नगरपालिकेच्या शाळेत मुलं घालायचा आग्रह धरला, अर्ज केले, तेव्हा मुलांच्या वाट्याला आली ती शाळेची पडवी. वर्ग आत, ही पोरं बाहेर, आणि मास्तरांचा आवाज जेवढा कानावर पडेल तेवढं शिक्षण. पुस्तक दोघांचं एकच असलं तरी बसायची जागाच मुलाला समाजशास्त्राचा पहिला धडा देत होती.

१९२३ चा बोले ठराव, म्हणजे सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा मुंबई कायदेमंडळातला ठराव, पाणवठ्यांसाठी लक्षात राहिला आहे. पण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळाही त्यात होत्या, हे सहसा कुणी सांगत नाही. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं ते कागदावर. त्याचा अर्थ लोकांना कळला २० मार्च १९२७ ला, डॉ. आंबेडकरांसोबत तळ्यावर चालत गेल्यावर. अलिबागकडे चरीच्या कुळांनी खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ संप चालवला आणि त्या लढ्याच्या काळात नारायण नागू पाटलांनी ‘कृषीवल’ काढलं. खंड, म्हणजे कुळाने जमिनीसाठी द्यायचा वाटा, म्हणजे काय, तो इतका का, हे शिकवणारी शाळा तालुक्यात दुसरी नव्हती.

सर्वांत बोलका तुकडा मात्र उत्तर कोकणातला. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी समुद्रकाठच्या बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ सोबत होत्या. मोंटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं वापरात आली. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. पुढे १९५७ ला केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथली वारली पोरं सकाळी गुरं घेऊन रानात जायची, मग शिक्षकही फळा-खडू घेऊन कुरणात. हीच कुरणशाळा. शाळा चुकवणाऱ्या पोराला दोष द्यायचा नाही, त्याचा दिवस कसा जातो ते आधी बघायचं, ही फार मोठी उडी होती. आजही आपल्याकडे हजेरीच्या तक्त्यापलीकडे पाहायला कुणाला सवड असते?

पण त्याच १९४५ च्या मे महिन्यात तिथून फार लांब नसलेल्या झरी गावात वारल्यांची सभा भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकर किसान सभेचं काम करत होते. वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राबायचं नाही, असं ठरलं. लग्नाला सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि नवराबायकोने त्याच्या घरी आयुष्यभर फुकट राबून ते फेडायचे, ही लग्नगड्याची रीत. पोरगं शाळेऐवजी कुणाची गुरं राखतं, आणि का, या प्रश्नाचं उत्तर झरीच्या सभेत होतं. कोसबाडने मुलाला अक्षर दिलं, झरीने त्याच्या बापाला ‘नाही’ म्हणायला शिकवलं. हे दोन प्रवाह नीट एकत्र आले नाहीत, ही माझ्या मते आपल्या शिक्षणाची मोठी हुकलेली संधी.

अक्षरासोबत परिस्थितीची जाणीव, हा विचार सरकारनेही कागदावर स्वीकारला. २ ऑक्टोबर १९७८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमात साक्षरता आणि कामकौशल्याच्या जोडीला सामाजिक जाणीव हे उद्दिष्ट होतं. व्यवहारात सही करता आली की प्रौढ साक्षर झाला. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तर चिकित्सक शिक्षणशास्त्राला स्वतंत्र मथळा मिळाला.

इकडे दक्षिण कोकणात शाळेचं काम ठरूनच गेलेलं: पोरगा सातवी-दहावी झाला की मुंबई, आणि महिन्याकाठी गावी मनीऑर्डर. गाव का सोडावा लागतो, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. आज परिसर अभ्यासाच्या तासाला बंदरावरच्या शाळेत माशांचे प्रकार शिकवता येतात. मोठ्या बोटींच्या, माशांना घेरून ओढणाऱ्या पर्ससीन जाळ्यांनी छोट्या नौकांचं काय झालं, किंवा प्रकल्पाला गावाने विरोध का केला, इथवर आलं की जिल्हा परिषदेचे गुरुजी सावध होतात. त्यांना वर्तणूक नियम लागू आहेत, आणि गावातले दोन्ही गट त्यांच्याच वर्गातल्या मुलांचे पालक आहेत.