जुन्या गाडीला लोअरिंग स्प्रिंग बसवणे

लोअरिंग स्प्रिंग म्हणजे कंपनीच्या कॉइल (वेटोळ्याच्या) स्प्रिंगपेक्षा आखूड अन थोडी कडक स्प्रिंग. ती बसवली की गाडी साधारण 25 ते 40 मिमी खाली बसते, वळणावर कमी कलते, आणि चाक अन मडगार्डमधली फट कमी झाल्यानं जुनी गाडी खरंच देखणी दिसते. कडक यासाठी की खाली आल्यावर चाकाला वर उचलायला जागाच कमी उरते, तेवढ्यात धक्का झेलावा लागतो.

विदर्भातल्या गावांत जुनी कार म्हटली की आधी फियाट नाहीतर अँबॅसिडर. फियाट 1964 मध्ये 1100 डिलाइट म्हणून आली, पुढे तिचीच प्रीमियर पद्मिनी झाली, तिला पुढे कॉइल आणि मागे कमानपट्टे (एकावर एक पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग), म्हणून स्प्रिंग फक्त पुढे बदलते अन मागे पट्ट्यांची कमान उतरवून घ्यावी लागते, नाहीतर गाडी नाकावर बसल्यासारखी दिसते. जुन्या अँबॅसिडरला तर पुढे टॉर्शन बार (पिळ घेऊन धक्का झेलणारा पोलादी दांडा), तिथं कॉइल स्प्रिंगचा विषयच नाही.

काही जण कंपनीचीच स्प्रिंग गॅसकटरनं कापतात. हे अजिबात करू नका. उष्णतेनं पोलादाचा ताव (कडकपणा अन लवचिकपणा) जातो, आणि चाक लोंबलं की आखूड स्प्रिंग बैठकीतून निसटू शकते. काम करताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवायची नाही, खाली घोडी (गाडी पेलणारा पक्का स्टँड) लावायची, स्प्रिंग कॉम्प्रेसरनं आवळूनच काढायची कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचं तोंड फोडते. रबर बुशचे (सांध्यातल्या रबरी नळ्यांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी झाल्यावरच शेवटचे आवळायचे, लोंबत्या चाकावर आवळले तर बुश पिळलेलं राहतं अन लवकर फाटतं. शॉकॲब्जॉर्बर थकलेले असतील तर तेही बदला, नाहीतर कडक स्प्रिंगवर गाडी नुसती उडते. मग व्हील अलाइनमेंट, कारण उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) अन टो (चाकाची आत-बाहेर वळलेली दिशा) दोन्ही बदलतात.

खरी अडचण रस्त्याची. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे वरचं डांबर लाटांसारखं होतं. स्पीडब्रेकर नियमानं 10 सेंमी उंचीचा हवा, गावातले कुठं तसे असतात! आणि पांदण रस्त्यावर कापसाच्या ट्रॅक्टरनं चाकोऱ्या पाडलेल्या, मधला उंचवटा सरळ चेंबरला (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला) लागतो, चेंबर फुटलं की ऑइल गेलं अन इंजिन जाम. म्हणून माझं मत असं की इकडं गाडी 25 मिमीपेक्षा जास्त खाली उतरवूच नये, अन जमिनीपासूनच्या उंचीचं मोजमाप घ्यायचं ते पाच माणसं अन डिक्कीत सामान भरून.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, आणि 2021 च्या विंटेज नियमात विंटेज म्हणून नोंदवायची 50 वर्षांहून जुनी गाडी चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल न झालेली लागते. काढलेल्या मूळ स्प्रिंगा भंगारात देऊ नका, ग्रीस लावून, डावी-उजवी लिहून कोठीत ठेवा.