गनोरिया औषधांना दाद देतो का, हे कसे कळत आले

गनोरियावर, म्हणजे जुन्या भाषेतल्या परम्यावर, आज भरवशाचे असे मुख्यतः एकच औषध उरले आहे : सेफ्ट्रियाक्सोनचे इंजेक्शन. आधीची औषधे एकेक करून बाद झाली. ती बाद होत आहेत हे वेळेवर ओळखायला वैद्यकाला कित्येक दशके लागली.

आल्बर्ट नायसर यांनी हा जंतू १८७९ मध्ये ओळखला, पण खात्रीचा उपचार मिळाला तो १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात, सल्फा औषधांच्या रूपाने. पुढच्या दहा-बारा वर्षांत तीही निकामी झाली. तोवर पेनिसिलीन हाती आले होते, म्हणून निभावले.

पेनिसिलीनचे दिवस मात्र बारकाईने पाहण्याजोगे आहेत. सुरुवातीला दीड-दोन लाख युनिट पुरत. १९७०च्या दशकात एका रुग्णाला ४८ लाख युनिट द्यावी लागू लागली. डोस वाढवला की रुग्ण बरा होत असे, त्यामुळे जंतू इंचाइंचाने निसटतो आहे याची धास्ती फार थोड्यांना वाटली. मग १९७६ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत जवळपास एकाच वेळी पेनिसिलीनचे तुकडे करणारे एन्झाइम बनवणारा गोनोकॉकस, म्हणजे गनोरियाचा जंतू, सापडला. ब्रिटनमधल्या रुग्णांचा धागा पश्चिम आफ्रिकेकडे जात होता, अमेरिकेतल्यांचा अतिपूर्वेकडे. अशा जंतूपुढे डोस वाढवून काही उपयोग नव्हता.

औषध हातचे जाण्याच्या दोन्ही वाटा इथे दिसल्या : एक संथ, एक अचानक. संथ वाट डोळ्यांना दिसत नाही, ती मोजावीच लागते. त्यासाठीचे माप म्हणजे एमआयसी, म्हणजेच जंतूची वाढ रोखायला लागणारे औषधाचे किमान प्रमाण. रुग्ण बरे होत असतानाच हा आकडा सरकू लागतो. प्रतिकारावर पाळत ठेवण्याचे सारे शहाणपण या एका गोष्टीत आहे, असे मला वाटते.

अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, १९८६ मध्ये यासाठी कायमची यंत्रणा उभी केली. ठरावीक शहरांतल्या क्लिनिकमधून दरमहा मूत्रमार्गाचा गनोरिया झालेल्या पहिल्या २५ पुरुषांचे नमुने घ्यायचे, जंतू वाढवायचे, एमआयसी मोजायची. जागतिक आरोग्य संघटनेचा कार्यक्रम १९९०च्या दशकात सुरू झाला. पश्चिम प्रशांत विभागात तो उभा करण्यात सिडनीच्या जॉन टॅप्सॉल यांचा मोठा वाटा होता. इंग्लंड-वेल्सची पाहणी २००० पासूनची. एखाद्या औषधाला दाद न देणारे जंतू पाच टक्क्यांच्या वर गेले की ते औषध नेमून देणे थांबवायचे, हा दंडक याच काळात रुळला.

सिप्रोफ्लॉक्सासिन या नंतरच्या औषधाच्या बाबतीत तो कामी आला. अमेरिकेत प्रतिकार आधी हवाईत दिसला, मग कॅलिफोर्नियात. २००४ मध्ये समलिंगी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी आणि २००७ मध्ये सर्वांसाठीच सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटाची औषधे बंद झाली. जंतू कुठून कुठे सरकतो आहे हे निदान दिसत तरी होते.

त्याच सुमारास प्रयोगशाळा बदलत होत्या. लघवीच्या नमुन्यात जंतूची जनुके शोधणारी पीसीआरसारखी चाचणी आली. ती सोपी, जलद, आणि कल्चरपेक्षा, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्यापेक्षा, अधिक रुग्ण पकडणारी. रुग्णांचे तिने भलेच केले. पण तिच्यातून जिवंत जंतू हाती लागत नाही, आणि तो नसेल तर एमआयसी मोजता येत नाही. गोनोकॉकस भलताच नाजूक : वाळला की मेला, गारठला की मेला, वाढायला खास माध्यम आणि जास्तीचा कार्बन डायऑक्साइड लागतो. त्यामुळे अनेक ठिकाणी कल्चर करणेच बंद पडले. मला हे फार मोठे नुकसान वाटते.

घशाचा प्रश्न त्याहून अवघड. तिथला संसर्ग बहुधा लक्षणांविना असतो, औषध तिथे नीट पोचत नाही, आणि शेजारी राहणाऱ्या त्याच्याच कुळातल्या निरुपद्रवी नायसेरिया जंतूंकडून गोनोकॉकस प्रतिकाराची जनुके उचलतो. सेफ्ट्रियाक्सोनला जबर प्रतिकार असलेला पहिला जंतू २००९ मध्ये क्योटोत मिळाला, तो घशातूनच. तो फारसा पसरला नाही. २०१५ मध्ये जपानमध्येच सापडलेला दुसरा वाण मात्र २०१७ पर्यंत डेन्मार्क, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात दिसला. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये सेफ्ट्रियाक्सोन आणि अॅझिथ्रोमायसिन या दोन्ही औषधांना न जुमानणारा जंतू आढळला. उपचारानंतर घशाची तपासणी पुन्हा केली म्हणून तो संसर्ग टिकून असल्याचे कळले. अखेर तो रुग्ण अर्टापेनेम या दुसऱ्या औषधाने बरा झाला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० मध्ये गनोरियाचे सुमारे ८ कोटी २४ लाख नवे संसर्ग झाले. त्यातले फारच थोडे जंतू कल्चरपर्यंत पोचतात, आणि तेही प्रामुख्याने पुरुषांच्या मूत्रमार्गातले. स्त्रियांचे आणि घशातले नमुने अनेक पाहण्यांत तुरळकच असतात. २०१५ मध्ये थायलंडपासून सुरू झालेल्या संघटनेच्या विस्तारित कार्यक्रमात रुग्णाची माहिती आणि जंतूची एमआयसी एकत्र नोंदवली जाते.

जनुकांवरून प्रतिकार ओळखण्याचे प्रयत्नही चालू आहेत. सिप्रोफ्लॉक्सासिनबाबत ते चांगले जमले, कारण तिथे एका जनुकातला एक बदल बरेच काही सांगतो. सेफ्ट्रियाक्सोनच्या प्रतिकाराला अनेक वाटा आहेत, आणि नवी वाट आधी कल्चरच्या प्लेटवरच दिसते. झोलिफ्लोडॅसिन या नव्या औषधाच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीचे चांगले निष्कर्ष २०२३ मध्ये जाहीर झाले. त्याआधीच युरोपच्या पाहणीत गोळा झालेल्या जंतूंवर त्याची एमआयसी मोजून झाली होती. पुढे हा आकडा सरकला, तर कुठून सरकला हे त्या नोंदीवरून सांगता येईल.