बेल्ट ओरडतोय? आमच्याकडे येईपर्यंत त्यावर काहीही मारू नका

पावसाळा लागला की आमच्या चिपळूणच्या गॅरेजवर हे फोन ठरलेले. सकाळी गाडी चालू केली की बॉनेटमधून चींऽऽ असा आवाज येतो, अख्खी वाडी जागी होते, काय करू? गणपतीला मुंबईहून येणाऱ्या गाड्यांचं तर विचारूच नका. म्हटलं एकदा लिहूनच देऊ.

ओरडतो तो बाहेरचा बेल्ट, आपण सगळे ज्याला फॅन बेल्ट म्हणतो तो. आता बहुतेक गाड्यांत फॅन करंटवर चालतो, या बेल्टवर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि बऱ्याच गाड्यांत इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंप फिरतो. टायमिंग बेल्ट वेगळा, तो कव्हरच्या आत असतो, त्यामुळे "टायमिंग गेला" म्हणून घाबरू नका. रात्रभर गाडी दमट हवेत उभी, स्टार्टर मारून बॅटरी जरा उतरलेली, मग अल्टरनेटर एकदम जोरात चार्ज करायला लागतो, पुली जड होते आणि ढिला किंवा गुळगुळीत झालेला बेल्ट तिच्यावरून घसरतो. पावसाळी सकाळी पाच-दहा सेकंद आला आणि गेला तर सोडून द्या. एसी किंवा हेडलाइट लावल्यावर रोज यायला लागला तर दाखवा.

आता खरी डोकेदुखी. निम्म्या गाड्या आमच्याकडे येईपर्यंत कुणीतरी बेल्टवर गंज सोडवायचा स्प्रे मारलेला असतो, नाहीतर खोबरेल तेल, साबण, एकाने तर टाल्कम पावडर टाकली होती! आवाज बंद होतो हो, पण बेल्ट घसरायचा थांबत नाही, तो आता गुपचूप घसरतो. चार्जिंग कमी होतं, स्प्रेने रबर फुगतं, तेलाला रस्त्याची माती चिकटून खाचा भरतात. मागच्या गणपतीत अशीच एक गाडी आली. बेल्टवर बोट फिरवलं तर काळा चिकट लेप. दीड तास पुल्या धुण्यात गेला, नवा बेल्ट घालावा लागला, आणि एवढं करून मूळ आवाज निघाला आयडलरच्या, म्हणजे बेल्टला नुसती वाट देणाऱ्या पुलीच्या, बेअरिंगचा. स्प्रे नसता तर पाच मिनिटांत सापडला असता.

घरी बघायचंच असेल तर साधं पाणी वापरा. इंजिन चालू ठेवून बाटलीने लांबूनच बेल्टच्या खाचांच्या बाजूला थोडं पाणी उडवा. आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी किंवा बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर थकलेला. क्षणभर गेला आणि परत आला तर एखादी पुली रेषेत नाही. काहीच फरक नाही तर बहुतेक बेअरिंग. ओढणी, लुंगी, सैल बाह्या लांब ठेवा, हात तर अजिबात घालू नका, आणि इंजिन बंद असलं तरी गरम असताना रेडिएटरचा फॅन अचानक सुरू होऊ शकतो.

काही जण म्हणतात नुसता घट्ट करून द्या, बेल्टला कुठे चिरा आहेत? हल्लीच्या बेल्टला चिरा सहसा पडत नाहीत, तो टायरसारखा झिजतो, खाच किती खोल गेली ते मोजावं लागतं. आणि गरजेपेक्षा जास्त आवळला तर अल्टरनेटरचं नाहीतर पंपाचं बेअरिंग खराब होतं, मग बेल्टच्या कितीतरी पट खर्च. म्हणून आम्ही टेन्शनर आणि पुल्या हाताने फिरवून बघितल्याशिवाय बेल्ट बदलत नाही. याला वेळ लागतो, त्याचे 200 रुपये घेतो, काम इथेच केलंत तर ते बिलातून वजा. जुना बेल्ट तुमच्या हातात देतो.

घाटात बॅटरीचा लाल दिवा लागला तर मात्र लगेच बाजूला घ्या, बेल्ट तुटलेला असू शकतो. पंप त्याच बेल्टवर असेल तर कुंभार्ली घाट चढताना इंजिनच्या तापमानाचा काटा वर जायला वेळ लागत नाही.

आणि दुपारी गाडी घेऊन येऊन "आत्ता आवाजच येत नाही बघा" असं होतं. इंजिन गरम झालं, बेल्ट सुकला, येणार कुठून? आदल्या संध्याकाळी गाडी सोडून जा, सकाळी आम्हीच थंड इंजिनवर पहिला स्टार्टर मारू. तेही जमत नसेल तर सकाळी बॉनेट उघडून मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवा, आवाजासकट.