महत् (महा)

'मोठा' या अर्थाचा संस्कृत शब्द. समासात पूर्वपदी आला की बहुधा त्याचे 'महा' होते (महाराज, महासागर); 'थोरांची सेवा' अशा षष्ठी तत्पुरुषात मात्र 'महत्सेवा' असे मूळ रूप टिकते. या मोठेपणाचे माप शास्त्रागणिक बदलते आणि काही शास्त्रांत आकाराचा प्रश्नच उरत नाही.

सर्वांत काटेकोर व्याख्या वैशेषिकांची, म्हणजे जग परमाणूंचे बनले आहे असे मानणाऱ्या भारतीय दर्शनाची. त्यांच्या मते परिमाण (आकारमान) चार प्रकारचे: अणू (अतिसूक्ष्म), महत्, दीर्घ आणि ऱ्हस्व. दोन परमाणूंचे द्व्यणुक होते, पण तेही अणूच, म्हणून अदृश्य. तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक झाले की ते 'महत्' ठरते. हे त्र्यणुक म्हणजे झरोक्यातून आलेल्या उन्हात तरंगताना दिसणारा धूलिकण. इतरत्र ज्याला कोणी हिंगलणार नाही, तो येथे महत्, कारण डोळ्यांना दिसण्यासाठी वस्तूच्या अंगी महत्त्व, म्हणजे मोठेपणा, असावेच लागते. हे महत्त्व येते कोठून? परिमाण आपल्याच जातीचे, पण अधिक उत्कट परिमाण उपजवते. त्या न्यायाने अणूपासून अधिकच अणू निपजायला हवे. म्हणून वैशेषिक त्र्यणुकाचा मोठेपणा घटकांच्या आकारातून न काढता त्यांच्या बहुत्वसंख्येतून, म्हणजे ते अनेक असण्यातून, काढतात. युक्तिवाद चतुर आहे, थोडा सोयीचाही. दुसऱ्या टोकाला आकाश, काल, दिक् व आत्मा ही 'परममहत्', म्हणजे सर्वव्यापी द्रव्ये.

सांख्य या दुसऱ्या दर्शनाचे महत् अगदी वेगळे. प्रकृतीपासून (जगाच्या मूळ कारणापासून) प्रथम उपजणारे तत्त्व ते महत्, आणि त्याचेच दुसरे नाव बुद्धी. त्यातून अहंकार आणि पुढची तत्त्वे निघतात. येथे मोठेपणा लांबीरुंदीचा नसून उत्पत्तिक्रमातील अग्रस्थानाचा आहे, असे म्हणता येईल.

व्याकरणात ख, घ, थ, भ यांसारखी व्यंजने 'महाप्राण' होत. त्यांत श्वासाचा झोत जास्त असतो. 'ख'ची मात्रा, म्हणजे उच्चाराला लागणारा वेळ, मात्र 'क'इतकीच. साहित्यशास्त्रात 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथाने महाकाव्याला आठांहून अधिक सर्ग सांगितले, म्हणजे निदान तेथे मोजणी आहे. आयुर्वेदात अठरा कुष्ठांपैकी (त्वचारोगांपैकी) सात 'महाकुष्ठ' आणि अकरा 'क्षुद्रकुष्ठ'. सुश्रुताचे आठ 'महागद' (गद म्हणजे रोग) बरे करण्यास कठीण म्हणून महा. मराठीतील 'महारोग' हे कुष्ठरोगाचे नाव याच वळणाचे.

काही शब्दांना मात्र 'महा' जोडणे अशुभ. 'निद्रा' म्हणजे झोप, पण 'महानिद्रा' म्हणजे मृत्यू. 'महायात्रा' ही शेवटची यात्रा, 'महामांस' हे माणसाचे मांस. असे शब्द टाळण्याची सूचना देणारा श्लोकच रूढ आहे: 'यात्रायां पथि निद्रायां महच्छब्दो न दीयते.' त्यातल्या 'पथि'मुळे 'महापथ' हाही मृत्यूचा मार्ग ठरतो; 'महामार्ग' तेवढा त्या तावडीतून सुटला आणि सरकारी फलकावर निर्धास्त चढला.

आधुनिक प्रशासनात हा शब्द पुन्हा मोजमापाकडे वळला, तरी एकवाक्यता नाही. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीनुसार 'महानगर क्षेत्र' म्हणवण्यासाठी किमान १० लाख लोकसंख्या लागते. महाराष्ट्रात महानगरपालिका मात्र त्याहून बऱ्याच लहान शहरांतही आहेत: २०११च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या ५ लाखांच्या आत होती आणि तेथे महानगरपालिका त्याआधीपासून आहे.